तुझ्या भाषणातली नगरसेविका

फिदान,

हे मी मुद्दाम मराठीत लिहितेय. तुला मराठी येत होतं ते एवढंच: ‘अगं’, ‘गप ग’ आणि ‘चहा टाक’. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोलणार आणि तुला मध्ये तोंड घालता येणार नाही. एवढ्या वर्षांच्या मैत्रीनंतर माझी ही सोय झाली, आणि ती मला अजिबात नको होती.

तू गेल्यावर तिकडच्या पेपरांत काय काय छापून आलं ते तुझ्या भावानं, हसननं, मला फोनवर वाचून दाखवलं. जर्मनीतल्या एका राज्याची आमदार, तुर्कस्तानातून आलेल्या अलेवी कामगाराची मुलगी, बाहेरून आलेल्या माणसांना या देशात आपलं वाटावं म्हणून झटणारी, वगैरे. सगळं खरंच असणार. पण तू गव्हाच्या खिरीत छोले घालायचीस हे कोणीच लिहिलं नव्हतं. तेव्हा ते पेपरवाले तुला ओळखत नव्हते असंच मी धरून चालते.

तू आलीस ती लंडनमध्ये, हॅरोच्या आमच्या घरातल्या वरच्या छोट्या खोलीत राहायला. ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. माझा नवरा शरद हॉस्पिटलमध्ये रजिस्ट्रार, म्हणजे ज्युनियर डॉक्टर, होता, मी दुसऱ्या एका हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये, आणि आमची मुग्धा नुकती शाळेत जायला लागली होती. तू समाजकार्याचा कोर्स करायला आली होतीस आणि उरलेल्या वेळात लंडनच्या दुसऱ्या टोकाला, नव्यानं आलेल्या तुमच्या लोकांसाठी दुभाषाचं काम करायचीस. मेट्रोपॉलिटन लाइननं जाऊन-येऊन तू अर्धी व्हायचीस. तरी दारातून आत पाऊल टाकलंस की पहिलं वाक्य, “अगं वसू, चहा टाक.” पेइंग गेस्ट कोण आणि मालकीण कोण, हे आमच्याकडे येणाऱ्यांना पहिल्या भेटीत कळायचं नाही.

अलेवी म्हणजे काय, हे मला आधी काही केल्या उमगेना. मशिदीत न जाणारे, बायका-पुरुष एकत्र बसून, साज नावाचं लांब दांडीचं तंतुवाद्य वाजवून प्रार्थना करणारे. इस्लाममधले म्हणायचे की वेगळे, यावर तुमच्यातच एकमत नाही, असं तू सांगितलंस तेव्हा मात्र मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आणि एक गोष्ट तर मी त्या दिवसापासून विसरले नाही. प्रार्थना सुरू करण्याआधी तुमचे वडीलधारे, ज्यांना तुम्ही देदे म्हणता, म्हणजे आजोबाच, ते जमलेल्यांना विचारतात, कोणाचं कोणाशी भांडण आहे का? असेल तर त्यांनी उठून पुढे यायचं, सगळ्यांसमोर मिटवायचं, आणि ते मिटेपर्यंत पुढचं काही व्हायचं नाही. तुझ्या वडिलांच्या गावी म्हणे एका अक्रोडाच्या झाडावरून दोन शेजारी हटून बसले आणि सगळा गाव मांडी घालून ताटकळला.

“आमच्या मंडळात हा नियम लावला,” मी म्हटलं, “तर गणपतीची आरती कधीच सुरू व्हायची नाही.”

तू इतकी हसलीस की चहा नाकातून आला.

आपण चहाला बसलो होतो त्या टेबलाचीच गोष्ट पुढची. आमचं स्वयंपाकघरातलं टेबल डुगडुगायचं. एका सकाळी ते डुगडुगत नाही हे तुझ्या लक्षात आलं. तू वाकलीस आणि पायाखालची जाड घडी ओढून काढलीस. टेबल कललं, चहा तुझ्या नोट्सवर सांडला, आणि तुझं तिकडे लक्षही नव्हतं.

“वसू, हे काय आहे?”

“पोलिंग कार्ड. कौन्सिलचं इलेक्शन आहे ना. येतं दर वेळी.”

“पण तुझा पासपोर्ट इंडियन आहे.”

“हो, पण कॉमनवेल्थचे म्हणून आपल्याला व्होट करता येतं इथे. आल्यापासून येतं. उभंसुद्धा राहता येतं म्हणे.”

“आणि तू ते टेबलाच्या पायाखाली घातलंस.”

“अगं, डुगडुगत होतं!”

तू खुर्चीवर मटकन बसलीस. तुझा तो चेहरा मला अजून दिसतो. “मी सात वर्षांची असताना जर्मनीत गेले,” तू म्हणालीस. “माझे दुधाचे दात तिथे पडले. शाळा तिथे, पहिलं प्रेम तिथे, बाबांच्या पाठीचं ऑपरेशन तिथे. मला असं कार्ड कधी आलं नाही. एकदाही नाही, वसू.” मी टेबल पुसायला घेतलं.

इलेक्शनच्या दिवशी तू मला कामावरून आल्या आल्या धरलंस. मी म्हटलं भाजी आणायचीय, तू म्हणालीस आधी मत, मग भाजी. शेवटी वाटेत दुकान लागलं म्हणून आधी भाजी झाली. मग चहाचे डाग पडलेलं ते कार्ड, मुग्धा आणि कोथिंबिरीच्या जुड्या वर डोकावत असलेली पिशवी, अशी आपली वरात त्या प्राथमिक शाळेत पोहोचली. दारावरचा म्हातारा तुला म्हणाला, “ओन्ली व्होटर्स, लव्ह.” तू काही वाद घातला नाहीस. तू! माझ्या हातातली पिशवी घेतलीस, फाटकाजवळच्या लोखंडी कठड्याला टेकून उभी राहिलीस आणि म्हणालीस, “जा. मी इथेच आहे.”

मुग्धानं तिच्या मराठीत मोठ्यांदा विचारलं, “आई, फिदान आंटी बाहेर का थांबला?” मी तिचा हात धरला. आत गेले, त्या फळकुटांच्या आडोशाला उभी राहिले, दोरीला बांधलेली पेन्सिल हातात घेतली. सगळी नावं धूसर दिसायला लागली. बाहेर कठड्याशी माझी कोथिंबीर धरून उभ्या असलेल्या बाईला माझ्या गल्लीतल्या कचऱ्यापासून माझ्या देशाच्या पंतप्रधानापर्यंत सगळ्याची माहिती होती, आणि आत होते मी, जिला उमेदवारांची नावंसुद्धा माहीत नव्हती.

बाहेर आल्यावर तू विचारलंस, “कोणाला दिलंस?”

“सिक्रेट असतं ना? नाही सांगणार.”

“बरोब्बर!” तू ओरडलीस आणि कोथिंबिरीसकट मला मिठी मारलीस. आता विचारलंस तरी सांगणार नाही.

मग तू परत गेलीस. तुला जर्मन नागरिकत्व मिळालं, त्यासाठी तुर्की पासपोर्ट परत करावा लागला, त्या दिवशी तू मला फोनवर आधी रडून दाखवलंस आणि मग हसून. पुढच्या फोनला तू एका पक्षात होतीस, त्याच्या पुढच्याला शहराच्या कौन्सिलमध्ये, आणि नव्वदचं दशक अर्ध्यावर यायच्या आत राज्याच्या विधानसभेत. आम्ही इथे हॅरोत पेढे वाटले. शेजारची आयरिश बाई म्हणाली, कोणाला मूल झालं? शरद म्हणाला, आमची लॉजर आमदार झाली.

आणि मग ती दुपार आली, जिच्यावरून आपण शेवटपर्यंत भांडलो. तू तुझ्या काही सहकाऱ्यांना लंडन दाखवायला आणलं होतंस. बाहेरून आलेली माणसं इथे कशी राहतात, कौन्सिलं काय करतात, हे बघायला. “तुझ्याकडे चहाला आणते, बटाटेवडे कर,” एवढंच तू फोनवर बोलली होतीस. बेल वाजली तेव्हा माझे दोन्ही हात बेसनात होते. दारात एक उंच, टक्कल पडलेले गृहस्थ उभे होते. त्यांनी झुकून नमस्कार केला, त्यांच्या शहराचं चिन्ह असलेला एक भला मोठा मग पुढे केला आणि इंग्रजीत म्हणाले, “कौन्सिलर वसुधा, आपल्याला भेटायचा योग आला. फिदाननं आपल्याबद्दल आमच्या सगळ्या सभांमध्ये सांगितलं आहे.”

मी त्यांच्या खांद्यावरून तुझ्याकडे बघितलं. तू आमच्या पोर्चचं छत बघत होतीस.

काय करणार होते? पाहुणे घरी आलेले, वडे कढईत. त्यांनी विचारलं, हॅरोमध्ये तुमच्यापुढचा मोठा प्रश्न कोणता? म्हटलं, आता सुटका नाही. मी सांगायला सुरुवात केली. लायब्ररी बुधवारी बंद का असते, बस स्टॉपला छप्पर का नाही, इंग्रजी न येणाऱ्या म्हाताऱ्यांना हॉस्पिटलात त्यांची नातवंडं दुभाषी म्हणून का आणावी लागतात, आजीच्या पोटात कुठे दुखतं हे दहा वर्षांच्या पोरानं का सांगायचं. मी बोलत सुटले. ते लिहून घेत सुटले. शरद वडे तळायला उभा राहिला आणि माझ्याकडे असा बघत होता की लग्न झाल्यापासून मला पहिल्यांदाच बघतोय. जाताना टक्कलवाले म्हणाले, “आमच्याकडे असे प्रतिनिधी हवेत.”

त्यांना स्टेशनवर सोडून तू परत आलीस आणि मी दारातच सुरू झाले.

“खोटं बोललीस! माझ्या नावावर!”

“खोटं नाही. जरा आगाऊ बोलले.”

“फिदान!”

“ऐक तरी. त्यांना पटतच नव्हतं की परदेशी पासपोर्टवाल्या माणसाला मत दिलं तर आभाळ कोसळत नाही. म्हणून तुझी गोष्ट सांगायला लागले. टेबल, कार्ड, शाळा.  मग मागून कोणीतरी विचारलं, पुढे काय झालं तिचं? मी काय सांगणार होते, वसू? ती कोथिंबीर घेऊन घरी गेली?”

हसू येत असूनही मी ते दाबलं, कारण मी चिडले होते. म्हटलं, पुढच्या सभेत उभी राहून दुरुस्त कर. तू म्हणालीस, मी कशाला, तू कर. निवडणुकीला उभी राहा, म्हणजे ते आपोआप दुरुस्त होईल. आणि मग मी जे कोणालाच सांगितलं नव्हतं, शरदलासुद्धा नाही, ते तोंडातून निघून गेलं. “आणि दारोदार जाऊ? बेल वाजवणार, ते दार उघडणार, माझा चेहरा बघणार, आणि लावून घेणार. मला नाही ते झेपणार.”

तू आत येऊन दार लावून घेतलंस. मग म्हणालीस, “पहिल्या इलेक्शनला मी एका बिल्डिंगमध्ये गेले. डावीकडच्या जर्मन बाईनं दार लावलं, कारण मी तुर्की. उजवीकडच्या तुर्की बाईनं दार उघडंच ठेवलं, पण मी नेलेली बिस्किटं घेतली नाहीत, कारण मी अलेवी. आमच्या हातचं खात नाहीत.”

“मग?”

“मग काय? वरच्या मजल्यावर गेले.”

त्यानंतर आपल्या प्रत्येक फोनचा शेवट ठरलेला. मी विचारायचे, “दुरुस्त केलंस?” तू विचारायचीस, “उभी राहिलीस?” मग दोघीही “नाही” म्हणायचो आणि फोन ठेवायचो. मधल्या काळात, हे तुला कधी सांगितलं नाही, तुझ्या भाषणातली ती नगरसेविका मला आवडायला लागली होती. लॅबमध्ये स्लाइड बघता बघता मधूनच मी तिच्या डोक्यानं विचार करायचे. ती माझ्यापेक्षा धीट होती. तिला दारं लागायची भीती नव्हती.

तुझ्या शेवटच्या फोनला, हॉस्पिटलमधून केलास तेव्हा, मी “दुरुस्त केलंस?” असं विचारलं नाही. तुझा आवाज ऐकून धीरच झाला नाही. तू लगेच पकडलंस. “आज विचारलं नाहीस,” तू म्हणालीस. “म्हणजे मी खरंच आजारी आहे तर.” वर हसलीस, आणि तुझा प्रश्न मात्र विचारलास. मी नेहमीसारखं म्हटलं, पुढच्या वेळी नक्की. त्याऐवजी मला म्हणायचं होतं की तू माझ्याबद्दल जे खोटं सांगितलंस तेवढं चांगलं माझ्याबद्दल खरं कोणी कधी बोललं नाही. म्हटलं नाही. तेव्हा ते बोलले असते तर आपण दोघीही रडलो असतो, आणि नर्सनं तुझा फोन काढून घेतला असता.

दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी इथल्या तुमच्या लोकांनी तुझ्या चाळिसाव्याचं जेवण ठेवलं होतं. आमच्याकडे तेरावं असतं तसं. उत्तर लंडनमधला एक हॉल, आत शिरताच कांद्याचा आणि बुलगुरचा, म्हणजे गव्हाच्या दलियाचा, वास. हसन जर्मनीहून आला होता. त्यानं मला पुढे बसवलं आणि माझी ओळख करून द्यायला लागला तर काय, सगळ्यांना मी आधीच माहीत! एक म्हातारी माझे हात हातात घेऊन “कौन्सिलर, कौन्सिलर” करत राहिली. तू जर्मनीतच नाही, इथेही ते सांगून ठेवलं होतंस. अगं, निदान इंग्लंड तरी सोडायचंस!

साज वाजला. मग देदे, पांढऱ्या मिशांचे, तुझ्या फोटोसमोर उभे राहिले आणि काहीतरी विचारलं. हसन माझ्या कानात म्हणाला, “विचारतायत, गेलेल्या माणसाबद्दल कोणाच्या मनात काही राहिलंय का. तुम्ही तिच्यावर राजी आहात का. आता सगळे ‘राजी आहोत’ म्हणतील.” शब्दसुद्धा आपलाच, राजी. सगळा हॉल म्हणाला. देदेंनी दुसऱ्यांदा विचारलं, सगळे पुन्हा म्हणाले. मी मात्र म्हटलं नाही. मला आपलं टेबल आठवलं, अक्रोडाचं झाड आठवलं. तूच सांगितलं होतंस ना, मिटल्याशिवाय पुढचं व्हायचं नाही? आणि तुझ्या फोटोसमोर मी खोटं बोलायचं? आपल्या दोघींत ते खातं तुझं होतं.

मी हात वर केला. हसनचा चेहरा पडला.

“माझं भांडण राहिलंय,” मी इंग्रजीत म्हटलं. “ती माझ्याबद्दल खोटं बोलली. मी कौन्सिलर नाही. कधी नव्हते.”

हसननं चाचरत तुर्कीत सांगितलं.  ती म्हातारी वळून माझ्याकडे बघायला लागली. देदेंनी मला पुढे बोलावलं, म्हणाले, सगळं सांग. मी सांगितलं. टेबल, कार्ड, कठडा, कोथिंबीर, टक्कलवाले, वडे. हसन वाक्यावाक्यानं सांगत होता, आणि “ती कोथिंबीर घेऊन घरी गेली?” इथे पोहोचल्यावर त्यालाच हसू आवरेना. मग म्हातारी हसली. मग सगळा हॉल हसायला लागला, डोळे पुसत, तुझ्या फोटोकडे बघत, जसं तू असताना हसायचे तसं. देदे मात्र गंभीरच होते. त्यांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं.

“तिनं सांगितलं त्यात तुझी बदनामी होती का?”

“नाही.”

“ते खोटं आता तिला खरं करता येईल का?”

“नाही.”

“मग कोणाला येईल?”

फिदान, सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. मला वाटलं होतं मी तक्रार करायला उठले. उठले तेव्हाच मी कशाला उठतेय हे तुला कळलं असतं.  “राजी,” मी म्हटलं. देदेंना तिसऱ्यांदा विचारायची गरज पडली नाही. मग जेवणाआधी त्यांनी मला त्यांच्या शेजारी बसवलं, आणि त्या म्हातारीनं माझ्या वाटीत गोड वाढलं. गव्हाची खीर, फिदान. त्यात छोले. आणि या वेळी मी नाक मुरडलं नाही.

येत्या मे महिन्यात कौन्सिलचं इलेक्शन आहे. मी उभी आहे, माझ्या भारतीय पासपोर्टवर. असा वॉर्ड मिळालाय की जिथे आमच्या पक्षाचं कोणी कधी निवडून आलेलं नाही, त्यामुळे शरद म्हणतो, “अगं, हरायची काही भीतीच नाही.” तोच पत्रकं वाटायला येतो, एका हातात छत्री. मुग्धा आता मोठी झाली, माझ्या पत्रकातलं इंग्रजी सुधारते आणि म्हणते, “आई, तू किती लांब वाक्य लिहितो.” परवा दोन दारं माझ्या तोंडावर लागली. तिसऱ्या दारातल्या बाईनं बस स्टॉपच्या छपराबद्दल बोलायला आत बोलावलं. मी वरच्या मजल्यावरही गेले.

मतदान त्याच शाळेत आहे. फाटक तेच, कठडा तोच, नुसता हिरवा रंग दिलाय. त्या दिवशी मी कामावरून येताना आधी भाजी घेईन, मग तिथे येईन. नावं वाचताना या वेळी एक नाव माझं असेल, म्हणून डोळ्यांत पाणी आलं तर मी काय करणार आहे ते मला माहीत नाही. तू कठड्याशी थांब. कोथिंबिरीची पिशवी धर.

मी आलेच.